दगडी घरातलं संग्रहालय पाहताना: आधी भिंत, मग कपाट

जुन्या दगडी घरात संग्रहालय असलं की बहुतेक जण सरळ आतल्या तलवारींकडे जातात, तांब्या-पितळेच्या भांड्यांवरून नजर फिरवतात आणि वीस मिनिटांत बाहेर येऊन चहाची टपरी शोधतात. पाहायचं घर तेवढं राहून जातं. कपाटातल्या वस्तू दहा गावांतून गोळा झालेल्या असतात, त्यांच्या जागा चार वेळा बदललेल्या असतात. भिंत मात्र बांधली तिथेच उभी आहे, आणि तिच्यावर कुणी पाटी लावलेली नसल्यामुळे ती आपली आपणच वाचावी लागते. म्हणून इथे क्रम उलटा धरला आहे: आधी बाहेरून फेरी, मग उंबरा आणि खोल्या, आणि कपाटं शेवटी. नीट पाहायचं तर अडीच-तीन तास हवेत.

कुठे जायचं, कसं जायचं

ठाणे आणि नवी मुंबईकरांना अर्ध्या दिवसात जमण्यासारखं ठिकाण म्हणजे पनवेलच्या पुढे, मुंबई-गोवा महामार्गावरच्या शिरढोण गावातलं आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मघर (जन्म ४ नोव्हेंबर १८४५). पूर्ण दिवस असेल तर पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक, म्हणजे विनोबांचं जन्मगाव. मुक्कामाची तयारी असेल तर रत्नागिरीला टिळकांचं जन्मस्थान आणि थिबा राजवाडा एकाच दिवसात होतात. ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी १९१० साली बांधून झालेल्या त्या राजवाड्यात आता संग्रहालय आहे. रत्नागिरीचा आणखी एक फायदा असा की तिथे दगडच बदलतो. आपल्याकडचा काळा पाषाण मागे पडतो आणि तांबडा जांभा सुरू होतो. दोन्ही प्रकारची घरं पाठोपाठ पाहिली की दगडामुळे बांधणीत किती फरक पडतो ते आपोआप लक्षात येतं.

शिरढोणला ठाण्याहून गाडीशिवाय जाता येतं. ट्रान्स हार्बर मार्गावरून सुटणाऱ्या सगळ्या लोकल पनवेलला जात नाहीत. काही वाशीला वळतात, काही नेरुळलाच थांबतात. चुकून वाशी लोकलमध्ये बसलात तर तुर्भ्याला उतरून मागची पनवेल किंवा नेरुळ गाडी पकडा, पुढे सानपाड्याला गेलात की उगाच वळसा पडतो. पनवेलहून पेणच्या दिशेने जाणारी एसटी शिरढोणवरून जाते, मात्र थांबा आहे का हे चढण्याआधी कंडक्टरला विचारा. लांब पल्ल्याच्या गाड्या मधल्या गावांना थांबतीलच असं नाही. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी रविवार संध्याकाळ टाळावी. कोकणातून परतणारी सगळी गर्दी त्याच रस्त्याने पनवेलकडे येते.

निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करायचाच. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. छोट्या स्थानिक संग्रहालयांची अडचण वेगळी असते: तिथे एकच माणूस आणि एकच किल्ली. म्हणून फोनवर एवढं विचारून घ्या. उद्या किल्ली कुणाकडे असेल? जेवणाची सुट्टी कधी? माडी पाहता येते का? फोटोंना परवानगी आहे का, आणि त्याचे वेगळे पैसे लागतात का? दुरुस्ती चालू असेल तर कोणत्या खोल्या बंद आहेत? शेवटचा प्रश्न हमखास विसरला जातो, आणि मग दोन तास प्रवास करून परांची पाहून परतावं लागतं.

वेळ सकाळची धरा. साडेनऊच्या आसपास ऊन भिंतीवर तिरपं पडतं आणि दगडावरचा टाकीचा (दगड घडायच्या छिन्नीचा) प्रत्येक घाव सावली टाकतो. दुपारी बाराला तीच भिंत सपाट दिसते. पावसाळ्यात आत अंधार असतो, शेवाळावरून पाय घसरतो, तरी भिंत कुठे ओल धरते हे पाहायला जुलैसारखा महिना नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जावं.

पिशवीत काय

छोटी टॉर्च (मोबाइलची चालते, पण तिरपी धरायला वेगळी सोयीची), पाच मीटरची टेप, पंधरा सेंटिमीटरची पट्टी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, वही आणि पेन्सिल. पेन नको. शाईचा एक थेंब जुन्या कागदावर किंवा लाकडावर पडला की तो कायमचा, आणि दप्तरं, म्हणजे जुन्या कागदांचे गठ्ठे, ठेवलेल्या खोलीत अनेक ठिकाणी पेन वापरूच देत नाहीत. पाठीवरची सॅक आत शिरताना पोटावर घ्या किंवा बाहेर ठेवा. अरुंद माजघरात मागे वळताना सॅकचा धक्का लागूनच वस्तू पडतात.

आधी घरच्या गावात हात बसवा

थेट संग्रहालयात जाण्याआधी एक सकाळ आपल्याच परिसरात घालवली तर पुढचं सगळं सोपं जातं. सगळ्यात चांगली शाळा म्हणजे अंबरनाथचं शिवमंदिर. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा उल्लेख आहे आणि ते उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्याच्या काळातलं आहे. घडीव काळा दगड चुन्याशिवाय एकावर एक कसा बसवतात ते तिथे डोळ्यांनी दिसतं. दोन दगडांच्या मधली फट बोटाने चाचपून पाहा. मग घोडबंदरच्या किल्ल्यावर जा. तिथे ओबडधोबड दगड आणि भरपूर चुना असा अगदी उलटा प्रकार आहे. ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाचा तटही जुन्या किल्ल्याचाच: पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ साली मराठ्यांनी घेतलेला. पण त्याकडे रस्त्यावरून नजर टाकून पुढे व्हायचं. तुरुंगाच्या भिंतीशी रेंगाळायचं नाही आणि मोबाइल तर बाहेरही काढायचा नाही.

बाहेरची फेरी

घराभोवती एक पूर्ण फेरा मारा, भिंतीपासून दहा-बारा फूट लांबून. दुसरा फेरा हाताच्या अंतरावरून. पहिल्या फेऱ्यात आकार कळतो, दुसऱ्यात दगड.

ठाणे, पनवेल, पेण या पट्ट्यातला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. पारसिकच्या डोंगरात तोच आहे. काही दगडांना बारीक-मोठी भोकं दिसतील, काहींत पांढरे, हिरवट किंवा गुलाबीसर ठिपके. लाव्हा थंड होताना आत अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या या पोकळ्या. पुढे पाण्यातून आलेल्या खनिजांनी त्या भरल्या की ठिपके होतात. अनेक ठिकाणी या भोकांना ‘गोळ्यांच्या खुणा’ म्हणून दाखवतात. खरी गोळी लागली तर दगडाचा बशीसारखा टवका उडतो आणि आजूबाजूला चिरा जातात. बुडबुड्याच्या भोकाची कड गुळगुळीत असते, आणि एकाच दगडात तशी डझनभर सापडतात. भिंग लावा, वाद मिटतो.

आता टाकीचे घाव. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरा. टोकदार टाकीने घडलेल्या दगडावर ठिपक्यांची गर्दी दिसते, चपट्या छन्नीने साफ केलेल्यावर समांतर रेघा. दगडाच्या कडेला ओळीने चौकोनी खाचा असतील तर तो पाचरी ठोकून फोडलेला आहे. कडेला अर्धगोल, सरळ नळीसारखी खोबण असेल तर तिथे सुरुंगाचं भोक पाडलं होतं. आणि पृष्ठभागावर अगदी एकसारख्या वळणदार बारीक रेषा असतील तर तो यंत्राच्या करवतीने कापलेला, म्हणजे हल्लीच्या दुरुस्तीत बसवलेला दगड. एकाच भिंतीत हे तीन-चार प्रकार सापडले की समजायचं, घराला हात लावणारे गवंडी वेगवेगळ्या पिढ्यांतले होते.

कोपरे पाहा. चांगल्या बांधकामात कोपऱ्याचे दगड सगळ्यात मोठे आणि सगळ्यात नीट घडलेले असतात, एक लांब बाजू इकडे, वरचा लांब बाजू तिकडे, अशी गुंफण करत वर जातात. आता भिंतीच्या मध्यावर एखादी उभी सलग दरज (दगडांमधला सांधा) खालपासून वरपर्यंत गेलेली दिसते का ते शोधा. दोन्ही बाजूंचे दगड एकमेकांत घुसलेले नसतील तर तिथे घर संपत होतं आणि पुढचा भाग नंतर जोडला. जोडकामाच्या या सांध्यापाशी जुना कोपरा अजून दिसतो: मोठे घडीव दगड, आणि त्यांना चिकटून लहान दगडांचं नवं काम. संग्रहालयाच्या माहितीपत्रकात घराचं एकच साल दिलेलं असतं. ही दरज सांगते की साल किमान दोन हवीत.

भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोजा. दगडी घरात दीड ते अडीच फूट भरते. एवढी जाडी म्हणजे आतून-बाहेरून दोन पडदे आणि मधे लहान दगड, चुना, माती यांचा भराव. हे दोन पडदे एकत्र धरून ठेवायला काही लांब दगड भिंतीच्या आरपार घातलेले असतात; गवंडी त्यांना थ्रू स्टोन म्हणतात. ते कमी पडले, किंवा छतातून पाणी भरावात शिरलं, की मधला भराव खाली बसतो आणि बाहेरचा पडदा सुटून फुगतो. भिंतीने पोट काढलंय का हे पाहायला कोपऱ्याशी उभं राहून एक डोळा मिटा आणि भिंतीच्या पृष्ठावरून सरळ लांब पाहा. समोरून कधीच न दिसणारा फुगवटा तिथून लगेच दिसतो. फार पोट दिसलं तर त्या भिंतीखाली बसून डबा खाऊ नका.

दारा-खिडक्यांच्या वर काय आहे? एकच आडवा दगड असेल तर खालची मोकळी जागा चार-पाच फुटांपेक्षा रुंद सहसा नसते. दगडाला दाबलेलं चालतं, वाकलेलं चालत नाही; लांबी वाढली की मधोमध तडा जातो. म्हणून रुंद दाराला कमान घालतात किंवा सागाची तुळई. काही ठिकाणी आडव्या दगडाच्या वर भिंतीतच एक चपटी कमान पुरलेली दिसते. ती शोभेची नाही, वरचा भार दोन्ही बाजूंना ढकलून खालच्या दगडाला मोकळं ठेवायला आहे.

चुना आणि सिमेंट: घर कशाने मरतं

या भागावर जरा जास्त थांबायला हवं, कारण दगडी घरांची सगळ्यात मोठी हानी वयाने होत नाही, दुरुस्तीने होते.

जुन्या दरजा पांढरट-पिवळसर असतात. भिंगातून पाहिलं तर त्यात वाळू, विटेची तांबडी सुरखी आणि न मिसळलेल्या चुन्याचे टपोरे पांढरे खडे दिसतात. किनाऱ्याच्या गावांत शिंपल्यांचे तुकडेही सापडतात, कारण तिथे चुना शिंपले भाजूनच करत. चुना भिजवून मुरवायचा, मग घाणीत, म्हणजे गोल दगडी चराच्या कडेने फिरणाऱ्या दगडी चाकाखाली, एक भाग चुन्याला दोन-तीन भाग वाळू-सुरखी घालून मळायचा. चिकटपणासाठी गूळ, बेलफळ, हिरड्याचं पाणी घालायची पद्धत होती. काही आवारांत ते घाणीचं चाक कुंपणाशी पडलेलं असतं आणि लोक त्यावर बसून फोटो काढतात. त्याच्या कडा झिजलेल्या असतील, मधे आरपार भोक असेल, तर ते तेलाच्या घाण्याचं किंवा जात्याचं नव्हे, चुन्याच्या घाणीचं चाक असण्याची शक्यता मोठी. व्यास मोजून वहीत टिपा.

नंतर कुणीतरी ‘मजबुती’ म्हणून दरजा सिमेंटने भरतं. बेसाल्ट पाणी फारसं शोषत नाही, म्हणून जमिनीतून आणि छतातून आलेली ओल बाहेर पडायची वाट म्हणजे दरजाच. चुन्यातून ती वाळून जाते. सिमेंटने ती वाट बंद होते आणि ओल आतल्या बाजूला वळते. मग आतला गिलावा फुगतो, सोलून पडतो, आणि भिंतीच्या खालच्या तीन-चार फुटांवर पांढरी पावडर येते. ती बुरशी नव्हे, पाण्याबरोबर आलेले क्षार आहेत. खाडीजवळच्या घरांत हे जास्त, कारण जमिनीतच मीठ असतं; बेलापूर, उरण, ठाण्याच्या खाडीकाठच्या जुन्या घरात राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. क्षारांचे स्फटिक वाढताना चुना आणि जांभ्यासारखा सच्छिद्र दगड आतून फोडतात. बाहेर राखाडी, उठावाच्या सिमेंट दरजा आणि आत त्याच भिंतीला पोपडे, अशी जोडी सापडली तर दोन्हींचे फोटो एकाखाली एक ठेवा. संग्रहालय चालवणाऱ्यांना दाखवायला याहून चांगला पुरावा नाही. सांगताना मात्र गोडीने सांगा. सिमेंटचे पैसे बहुधा कुणीतरी वर्गणीतून दिलेले असतात.

उंबरा आणि दार

आत शिरण्याआधी उंबऱ्याची उंची मोजा आणि त्याचा मधला भाग किती झिजलाय ते पाहा. मग दाराच्या मागे जा. दोन्ही बाजूंच्या भिंतींत समोरासमोर चौकोनी भोकं असतील. टेप घालून दोन्हींची खोली मोजा. एक सहा-आठ इंचांचं निघेल, दुसऱ्यात टेप चार-पाच फूट आत जाईल. हा अडसराचा, म्हणजे दार आतून बंद करायच्या आडव्या दांड्याचा खड्डा. दिवसा पूर्ण अडसर खोल भोकात सरकवलेला, रात्री ओढून समोरच्या भोकात टेकवायचा. मूळ अडसर बहुतेक ठिकाणी नाहीसा झालेला असतो आणि खोल भोकात पावत्या, काडेपेट्या, प्लास्टिकच्या पिशव्या कोंबलेल्या असतात. हात घालू नका, आधी टॉर्च मारा. विंचू आणि गांधीलमाश्यांना ही जागा फार आवडते.

चौकटीवरच्या गणेशपट्टीचा गणपती सगळेच पाहतात. त्याच्या शेजारची बिजागरी पाहणारे कमी. दार खालच्या-वरच्या लाकडी खुंटीवर फिरतं का लोखंडी बिजागरीवर, खिळे हाताने घडलेले, चौकोनी अंगाचे आहेत का कारखान्यातले गोल, हे दोन मिनिटांत कळतं.

खोल्या: तारीख सांगणाऱ्या वस्तू

ओटीवरून पडवी, पडवीतून माजघर, पुढे देवघर आणि स्वयंपाकघर, हा क्रम तसाच चाला. संग्रहालय करताना बऱ्याचदा एका दारातून आत, दुसऱ्यातून बाहेर अशी वाट आखतात आणि घराचा क्रम उलटा होतो. एकदा त्यांच्या वाटेने जा, एकदा घराच्या.

माजघरात दिवे बंद करायला सांगता आलं तर सांगा. डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं द्या. मग कोनाडे आणि दिवळ्या कुठे आहेत, त्यांच्या वरच्या बाजूला काजळी किती आहे हे दिसतं. काजळी असलेला कोनाडा दिव्याचा. खिडकी बाहेरून अरुंद आणि आत रुंद होत आलेली असेल तर थोडा उजेड जास्त जागेवर पसरावा म्हणून ती तशी केलेली आहे. आडव्या तुळयांमधले खण मोजा. घराचं माप पूर्वी चौरस फुटांत नव्हे, खणांत सांगत.

आता घराचं वय सांगणाऱ्या काही हमखास खुणा. मंगलोरी कौलं दिसली तर ते छत १८६५ नंतरचं, कारण मंगळूरला अशा कौलांचा पहिला कारखाना त्या साली निघाला. कौलाच्या पाठीवर कारखान्याचा शिक्का असतो. आवारात फुटक्या कौलांचा ढीग असेल तर तिथे शोधा, छतावर चढू नका. त्याआधी कुंभाराने घडलेली नळीची कौलं असत. शहाबादी फरशी कर्नाटकातल्या शहाबादहून येते, तेव्हा जुन्या घरातली शहाबादी जमीन ही बहुधा रेल्वे आल्यानंतरची, मूळची शेणाने सारवलेली. (मुंबई-ठाणे रेल्वे १६ एप्रिल १८५३ ची, पण ती दख्खनमध्ये पोचायला पुढची कित्येक वर्षं गेली.) छतात लोखंडी गर्डर असेल तर त्याच्या उभ्या पोटावर कारखान्याचं नाव उठावात असू शकतं; डॉर्मन लाँग हे नाव इंग्लंडहून आलेल्या गर्डरवर भेटतं. या खुणांचा उपयोग एकाच दिशेने करायचा. मंगलोरी कौल असलं म्हणून घर १८६५ नंतरचं ठरत नाही, फक्त छत ठरतं.

आता कपाटं

कपाटासमोर उभं राहिल्यावर पाटीवर तीन गोष्टी शोधा: वस्तू कुठून आली, कुणी दिली, नोंदवहीतला क्रमांक काय. ‘प्राचीन भांडे’ एवढंच लिहिलं असेल तर ती पाटी नसल्यात जमा. नोंदवही पाहता येईल का म्हणून नम्रपणे विचारा. छोट्या संग्रहालयांत ती बऱ्याचदा कपाटांपेक्षा रंजक असते.

धान्याच्या मापांचं कपाट जवळजवळ सगळीकडे असतं. साधारण हिशेब असा: चार शेर म्हणजे पायली, सोळा पायली म्हणजे मण, वीस मण म्हणजे खंडी. पण शेर गावागावाला लहान-मोठा असे, म्हणून मापावर शिक्का आहे का ते पाहा. दशमान वजन-मापांचा कायदा १९५६ चा, आणि नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून; त्याआधीचा रुपया सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा. नाण्यांत व्हिक्टोरियाचं नाणं दिसलं तर राणी की सम्राज्ञी ते वाचा. भारतीय नाण्यांवर सम्राज्ञी ही पदवी १८७७ पासून येते.

मोडी कागद काचेखाली असतील तर वाचता आले नाहीत तरी एक गोष्ट जमते: आधी रेघ ओढून मग तिला अक्षरं लटकवलेली असतात आणि शब्दांमध्ये जागा नसते. तारखेपाशी शक असेल तर ७८ मिळवा (जानेवारी ते पाडव्याआधीच्या तारखांना ७९). सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली अरबी वळणाची कालगणना) असेल तर ५९९ किंवा ६००, महिन्याप्रमाणे. पाट्यांवरच्या चुका सगळ्यात जास्त याच बेरजेत असतात.

आवारात उभे केलेले दगड घाईत सुटतात, आणि उत्तर कोकणात तेच सगळ्यात मोलाचे. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा दगड, खालून वर वाचायचा: तळाला लढाई आणि पडलेला वीर, मधे त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरती शिवलिंगाची पूजा. गधेगाळ वेगळा. वर चंद्र-सूर्य, मधे लेख, खाली गाढव आणि स्त्रीचं शिल्प. शिलाहारांच्या काळात जमिनीचं दान मोडणाऱ्याला दिलेली ही शिवी आहे, आणि चंद्र-सूर्य म्हणजे ते असेतोवर दान टिको. मुलं सोबत असतील तर काय सांगायचं ते आधी ठरवून ठेवा, प्रश्न येतोच. लेखाची अक्षरं दिसावीत म्हणून खडू, पीठ किंवा ओला फडका अजिबात लावायचा नाही. टॉर्च एका बाजूने तिरपी धरून फोटो काढा, मग दुसऱ्या बाजूने. दोन फोटोंत मिळून अक्षरं उलगडतात. शेंदराचा थर असलेला दगड खरवडू नये, पूजेत असेल तर हातही लावू नये.

आगरी-कोळी घरांतल्या वस्तूंसाठी घरातल्या आजींना सोबत न्या. मिठागरातली अवजारं, कणगी, जाळ्याची बुडं, वल्ही, रगडा यांच्या पाट्या बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या असतात आणि त्यात नावं चुकतात. आजी पाहिल्या पाहिल्या नाव सांगतील, शिवाय कशी वापरायची तेही. ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, गावाचं नाव आणि तारीख टाका, आणि एक प्रत संग्रहालयात ठेवून या. आजींना बसायला खुर्ची आहे का हे मात्र फोनवरच विचारून घ्यायचं.

फोटो

प्रत्येक वस्तूचे तीन: पाटी, पूर्ण वस्तू, बारकावा. पाटी आधी, म्हणजे घरी गेल्यावर कोणता फोटो कशाचा हे शोधावं लागत नाही. फ्लॅश बंद, कापड, कागद आणि रंगांना त्याने काय होतं यापेक्षा काचेवर पांढरा गोळा येऊन फोटोच फुकट जातो हे कारण लोकांना लवकर पटतं. काचेतून काढताना मोबाइल काचेजवळ, किंचित तिरका, आणि मागे कुणाला तरी काळी ओढणी धरून उभं करा. आवारातल्या दगडाशेजारी पट्टी ठेवा, नाहीतर वीतभराचा तुकडा आणि पुरुषभर उंचीची शिळा फोटोत सारखीच दिसतात.

मुलांना सगळं दाखवू नका. एका मुलाला एकच काम: घरातले सगळे कोनाडे मोजायचे, किंवा सगळ्या कड्या-कोयंड्यांची चित्रं काढायची. तेवढ्यावर ती तासभर रमतात.

काय बिघडतं

गट मोठा झाला की माजघरात गर्दी होते आणि माडी हलते. दहा-बारांच्या वर नको. जुन्या लाकडी माडीवर एका खोलीत पाच-सहा जणच, आणि ते तुळयांवरून भिंतीच्या कडेने. कमानीखाली किंवा छज्जाखाली आग्या मोहोळ आहे का ते शिरताना पाहून घ्या. असेल तर उग्र अत्तर, धूर, आरडाओरडा नको, आणि ड्रोन तर मुळीच नको. पावसाळ्यात पडक्या दगडांच्या राशीवर चढायचं नाही, साप तिथेच असतात. भिंतीवर नाव कोरणं हा राज्य किंवा केंद्र संरक्षित वास्तूत गुन्हा आहे. सोबतच्या पोरांना आधीच बजावून ठेवा.

घरची वस्तू द्यायची असेल तर

असं घर पाहून आल्यावर माळ्यावरची घंगाळं, आजोबांची दप्तरं आठवतात. द्यायचं ठरलं तर आधी साफ करू नका. चिंच, लिंबू किंवा पावडर लावून पितळ चकचकीत केलं की त्यावर कोरलेलं नाव पुसट होतं, आणि जुन्या पितळेवरचा काळपटपणा तिच्या वापराचाच पुरावा असतो. लाकडाला तेल, कागदाला सेलोटेप लावायची नाही. वस्तू जशी आहे तशी, कुणाची, कोणत्या गावची, कशासाठी वापरत, ही माहिती एका कागदावर लिहून सोबत.

घराचा पाया खणताना काही सापडलं असेल, तर ते आपलं समजून परस्पर देता येत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांवरच्या किमतीच्या ऐवजाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. शंभर वर्षांहून जुनी शिल्पं आणि नाण्यांसारख्या वस्तू, तसंच ७५ वर्षांहून जुनी मौल्यवान हस्तलिखितं, १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. नवी मुंबईच्या गावठाणांत नवीन इमारतींसाठी खोदकाम सतत चालू असतं, आणि कोरीव दगड तिथे बऱ्याचदा डबरात जातो. दिसला तर आधी जागेवरच फोटो काढा, मग हलवायचा विचार.

देणगी देताना पावती मागून घ्या. तिच्यावर वस्तूचं वर्णन, नोंदवहीतला क्रमांक, तारीख, सही-शिक्का आणि वस्तू कायमची दिली की प्रदर्शनापुरती, हे पाचही असायला हवं. ‘एक भांडे मिळाले’ अशी पावती घेऊ नका. तिथेच बसून उंची, व्यास आणि कोरलेला मजकूर लिहून घ्या, आणि पावतीशेजारी वस्तू ठेवून एक फोटो काढा.